‘मायनस दहा’ लिहिलेली स्लीपिंग बॅग नर्मदा परिक्रमेला पुरेल का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात राहता, वय ४७, वजन ५८ किलो, सह्याद्रीतले एक-दोन दिवसांचे ट्रेक केले आहेत. येत्या नोव्हेंबरात कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलायची आहे. दुकानदाराने ‘मायनस दहा’ची सिंथेटिक स्लीपिंग बॅग दाखवली, वजन दीड किलो. घरचे म्हणतात, तिकडे कुठे बर्फ पडतो, एक शाल पुरे. हिमालयात जाऊन आलेली मैत्रीण म्हणते, मायनस दहाच घे, थंडीशी खेळू नकोस. यातलं कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही लेबलचा फोटो टाकलात ते फार चांगलं केलंत. मोठा करून पाहिला. त्यावर तीन आकडे आहेत: ८, ३ आणि −१०. पिशवीवर ठळक छापलाय तो तिसरा. तुमच्या कामाचा आहे तो पहिला. म्हणजे ही बॅग तुमच्यासाठी ८ अंशांची आहे, मायनस दहाची नाही. मैत्रीण आणि दुकानदार दोघंही ‘मायनस दहा’ म्हणतायत खरं, पण मैत्रिणीच्या मनात ‘मायनस दहातही गाढ झोप लागेल’ असं आहे आणि लेबल तसं काहीच म्हणत नाही.

मी गेली बावीस वर्षं ठाण्यातून ट्रेक नेते, लांब पल्ल्याला निघणाऱ्यांची तयारी करून घेते, आणि २०१७-१८च्या हिवाळ्यात स्वतः पायी परिक्रमा केली आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांचा गोंधळ या तीन आकड्यांपाशीच असतो, म्हणून आधी ते नीट सांगते.

युरोपात २००२ मध्ये स्लीपिंग बॅगची ऊब मोजण्याची एक ठरलेली पद्धत आली, ईएन १३५३७. पुढे २०१६ मध्ये तिची जागा आयएसओ २३५३७ने घेतली. आतून तापवलेला, माणसाच्या मापाचा पुतळा असतो. त्याला लांब बाह्यांचं थर्मल आणि मोजे घालतात, मॅटवर अंथरलेल्या बॅगेत झोपवतात आणि थंड खोलीत त्याची उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजतात. त्यावरून आकडे काढतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे साधारण बांध्याची बाई अंग सैल सोडून, थंडी न वाजता झोपू शकेल ते तापमान. हिशेबासाठी ही बाई २५ वर्षांची आणि ६० किलोची धरतात. ‘लिमिट’ म्हणजे त्याच वयाचा पुरुष पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून रात्र काढू शकेल ते तापमान. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे त्या बाईला साधारण सहा तास जिवावर न बेतता काढता येतील ते. त्यात झोप धरलेली नाही. हायपोथर्मियाचा, म्हणजे अंगाचं तापमान धोकादायकपणे उतरण्याचा, धोका मात्र धरलेला आहे. तो आकडा अडचणीत सापडलेल्यासाठी आहे, तुमच्यासारखं रोज सकाळी उठून वीस किलोमीटर चालायचं असणाऱ्यासाठी नाही.

यातली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुतळ्याला थर्मल आणि मोजे आधीच घातलेले असतात. त्यामुळे ‘८ अंशांची बॅग घेते आणि थर्मल घालते, म्हणजे ४ अंशांपर्यंत भागेल’ हा हिशेब चुकतो. थर्मल त्या ८मध्ये मोजून झालंय. तसंच मॅटचं. मॅट नसेल तर ८ हा आकडाही तुमचा राहत नाही.

तुमचं वय २५ नाही आणि दिवसभर चालून तुम्ही दमलेल्या असणार. परिक्रमेत जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते घ्यायचं असतं. कधी सदावर्तात शिधा मिळतो आणि तो शिजवून खाईपर्यंत डोळे मिटायला लागतात. अर्धपोटी आणि थकलेलं शरीर रात्री कमी उष्णता तयार करतं. स्लीपिंग बॅग स्वतः काही गरम करत नाही, तुमच्याच अंगाची ऊब तुमच्याभोवतीच्या हवेत धरून ठेवते, एवढंच तिचं काम. शिवाय आपण ठाणेकर. खिडकी उघडी, पंखा एकवर आणि पातळ चादर, एवढाच आपला हिवाळा. एखाद्या पहाटे पारा १५ला टेकला तर दिवसभर त्याच गप्पा चालतात. या सगळ्यासाठी मी माझ्याकडच्या बायकांना कम्फर्टच्या आकड्यात आणखी ३-४ अंश हाताशी ठेवायला सांगते. पुरुषांनाही लिमिट न बघता कम्फर्टच बघायला सांगते. मुटकुळं करून रोज रात्री कुणी झोपत नाही.

आता खरा प्रश्न येतो की तुम्हाला थंडी किती लागणार आहे. याचं उत्तर बरंचसं तुमच्या तारखांवर आहे. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने, मैयाला उजव्या हाताला ठेवून निघालात आणि थांबे धरून दिवसाला सरासरी वीस किलोमीटर पडले, तर शूलपाणीच्या झाडीतून डिसेंबरच्या मध्याला समुद्रापाशी पोचाल. नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरलात की उत्तर तट सुरू. तोवर रात्री गार असल्या तरी सोसण्यासारख्या असतात. कडाका लागतो तो संक्रांतीच्या पुढेमागे, आणि त्या वेळी तुम्ही माळवा-निमाडाच्या पट्ट्यातून नेमावर, बुधनीकडे सरकत असाल. थंडीची लाट आली की मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात पारा ५-६पर्यंत उतरतो, पुढे जबलपूर-मंडल्याकडे ४पर्यंतही. नर्मदेचा उगम, अमरकंटक, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावरचं दंव गोठतं. पण या हिशेबाने तुम्ही तिथे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, महाशिवरात्रीच्या आसपास असाल, तेव्हा सगळ्यात वाईट काळ उलटलेला असतो. हीच परिक्रमा कुणी अमरकंटकहून डिसेंबरात उचलली, किंवा निघायलाच महिनाभर उशीर झाला, तर हा सगळा तक्ता बदलतो आणि माझं उत्तरही बदलेल.

मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यावर मात्र विसंबू नका. हवामान खात्याचं तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट वर, सावलीच्या पेटीत असतं. तुम्ही झोपणार जमिनीवर. स्वच्छ आभाळाखाली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि गार, जड हवा उतारावरून नदीच्या पात्राकडे येऊन बसते. म्हणजे मोबाइल ६ दाखवत असेल त्या पहाटे उघड्या घाटावर ३-४ धरून चाला. आश्रमाच्या बंद खोलीत तीच रात्र १०-१२ची असू शकते. बहुतेक रात्री तुम्हाला छप्पर मिळेल, नर्मदाकाठचे लोक परिक्रमावासीला बाहेर ठेवत नाहीत. पण एखादी शाळेची पडवी, एखादं तीन बाजूंनी उघडं देऊळ वाट्याला येतंच, आणि बॅग निवडायची ती त्या रात्रींसाठी.

या आकड्यांपेक्षाही जास्त महत्त्वाचं मला जे वाटतं ते आता सांगते. तुमच्या प्रश्नात मॅटचा उल्लेखच नाही.

२००९च्या डिसेंबरात मी हरिश्चंद्रगडावर होते, गुहेत मुक्काम. नवीकोरी, महागाची बॅग होती, तिच्यावरही असाच मोठा मायनसचा आकडा होता. खाली ६ मिलिमीटरची जुनी, चपटी झालेली कॅरीमॅट. रात्री दोनला जाग आली ती डाव्या कमरेच्या हाडाला कुणीतरी गार दगड लावून धरल्यासारखं वाटून. हात लावून बघितला तर पोटावरचा बॅगचा भाग छान फुगलेला, उबदार. कमरेखाली आणि खांद्याखाली मात्र तोच भराव दाबून कापडासारखा झाला होता. त्यात हवाच उरली नव्हती, तर ऊब कुठून राहणार. शेजारी आमच्यातलीच एक मुलगी साध्या, बिनछापाच्या बॅगेत गाढ झोपली होती, तिच्याखाली दोन मॅट एकावर एक होत्या. मी उठून रिकामी सॅक कमरेखाली घातली, दोराचं वेटोळं उलगडून खांद्याखाली अंथरलं, पायांखाली वर्तमानपत्राची घडी. पाच वाजेपर्यंत झोप लागली. त्या रात्रीनंतर मी बॅगेच्या आधी मॅटचं विचारते.

परिक्रमेत तर हे आणखीच खरं आहे, कारण आश्रमांतून, धर्मशाळांतून खाली फरशी असते किंवा सिमेंटचा कोबा. खोलीतली हवा १२ अंश असली तरी फरशी रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. मॅटच्या या रोधाला आर-व्हॅल्यू म्हणतात आणि २०१८ पासून तीही मोजायची एक ठरलेली पद्धत आहे. आकडा जितका मोठा तितका जमिनीचा गारवा कमी लागतो, आणि दोन मॅट एकावर एक घातल्या तर त्यांची बेरीज होते. घडीची, खाचाखोचांची फोम मॅट मिळते, तिची आर-व्हॅल्यू साधारण २ असते आणि वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम. तुमच्यासाठी मी तीच सांगेन. हवा भरायची मॅट जास्त उबदार आणि मऊ असते, पण काठाकाठाने बाभळीचे काटे आहेत. एक काटा गेला की उरलेले अडीच महिने तुम्ही फरशीवर.

आश्रमात कुणी जाड रजई दिली तर ती पांघरू नका, घडी करून मॅटखाली घाला आणि वर स्वतःच्या बॅगेत झोपा. मी हे नेमावरच्या अलीकडे एका गावात केलं आणि त्या महिन्यातली सगळ्यात शांत झोप लागली. पुढे भाताच्या पट्ट्यात गेल्यावर लोक खोलीत पेंढा पसरून देतात. त्याला नाही म्हणू नका. वितभर जाडीच्या कोरड्या पेंढ्यावर मॅट टाकलीत तर त्याहून चांगला बिछाना विकत मिळणार नाही.

आता बॅग सिंथेटिक घ्यायची की पिसांची. पिसांची, म्हणजे डाऊनची बॅग वजनाला हलकी, घडी केली की इवलीशी. तिच्यावर ५५०, ६५०, ८०० असे आकडे असतात. तो ठरावीक वजनाची पिसं किती जागा व्यापून फुगतात याचा आकडा आहे. मोठा आकडा म्हणजे कमी वजनात जास्त ऊब. लडाख-स्पितीच्या कोरड्या थंडीसाठी मी डाऊनच सुचवते. तुमच्यासाठी नाही, आणि त्याचं कारण दव. नर्मदेच्या काठी जानेवारीत पहाटे धुकं उतरतं आणि पडवीत झोपलेल्या माणसाची बॅग वरून अक्षरशः ओली होते. आतून अंगाची वाफ येतच असते. भिजलेली पिसं एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि बॅग चपटी पडते. सिंथेटिक भरावही ओला होतो, पण त्याचे तंतू बरेचसे उभे राहतात, ऊब पूर्ण जात नाही, आणि दुपारच्या थांब्याला दोन तास उन्हात टाकली की वाळते. दुसरं कारण तुमच्या मनाचं आहे. बदकाच्या पिसांत परिक्रमेच्या रात्री काढणं काही जणींना रुचत नाही. माझ्यासोबतच्या दोघींनी त्याच कारणाने डाऊन नाकारलं होतं. सिंथेटिक अर्धा किलो जड पडेल, पण किंमत बरीच कमी.

घरच्यांच्या शालीबद्दलही बोलते, कारण ते पूर्ण चुकीचं बोलत नाहीत. जुने परिक्रमावासी एका कांबळीवर चालत आलेत. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही, आपल्या धनगरी घोंगडीचं बळ त्यातच आहे. पण चांगली घोंगडी दोन किलोच्या पुढे जाते. सुती गोधडीला तर मी नाहीच म्हणेन. ती दव पिऊन दुप्पट जड होते आणि वाळायचं नाव घेत नाही. लोकरीची एक पातळ शाल मात्र जरूर न्या. दिवसा आरतीला खांद्यावर, रात्री बॅगेच्या आत छाती-पोटावर. आत ठेवा, बाहेरून पांघरू नका. बाहेरून वजन पडलं की भराव दबतो.

म्हणजे आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: घाटावरची वाईट रात्र ३-४ अंशांची. कम्फर्ट ८ची बॅग तिथे कमी पडते. तुम्हाला कम्फर्ट ४ किंवा ५ लिहिलेली, सिंथेटिक, डोक्याला टोपी असलेली, पायाकडे निमुळती होत जाणारी (मम्मी आकाराची) बॅग हवी, वजन सव्वा ते दीड किलो. खाली आर-व्हॅल्यू २ची फोम मॅट, आणि मघाशी म्हटलेले हाताशी ठेवायचे अंश काढायला आत शाल. मैत्रीण म्हणते तशी खरोखर कम्फर्ट −१०ची सिंथेटिक बॅग दोन किलोच्या वर जाईल, आणि ती तुम्ही साडेचार महिने पाठीवर वागवाल त्यातल्या एकाही रात्री तिची पुरती गरज पडणार नाही. ५८ किलोच्या बाईची सॅक पाण्याशिवाय ७ किलोच्या आत राहिली पाहिजे असं माझं मत आहे. बॅग, मॅट आणि लायनर (त्याबद्दल पुढे सांगते) मिळून दोन-सव्वादोन किलो, याच्या वर जाऊ नका.

८ची बॅग स्वस्तात मिळतेय आणि दुसरीला पैसे पुरत नाहीत असं असेल, तर ती घ्या, पण मॅट दोन थरांची करा, शालीबरोबर फ्लीसचं जाकीट आणि कानटोपी घालून झोपा. कडाक्याच्या आठवड्यात उघड्यावरची रात्र टाळा, एखादं गाव अलीकडेच थांबा. असं करूनही परिक्रमा नीट होते. बारा-पंधरा रात्री मात्र अर्धवट झोपेच्या जातील, हे आधीच धरून चला.

लायनर म्हणजे बॅगेच्या आतली पातळ पिशवी. तो विकतचा घ्यायची गरज नाही. मी माझ्या आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली व्हॉइलची साडी दुमडून, पिशवीसारखी शिवून घेतली होती.  त्याने ऊब फार वाढत नाही, एखादा अंश. फ्लीसच्या लायनरवर कंपन्या जेवढे अंश लिहितात त्याच्या निम्मे धरावेत, असा माझा अनुभव आहे. साडीचा खरा उपयोग वेगळाच आहे. साडेचार महिने घाम, धूळ, अंगाला लावलेलं तेल हे सगळं भरावापर्यंत गेलं तर भराव चिकटतो आणि बॅग परिक्रमेच्या उत्तरार्धात, अगदी नको तेव्हा, गार पडायला लागते. साडी दर चार-पाच दिवसांनी घाटावर धुवायची, चालता चालता सॅकवर वाळते. बॅग धुवायची वेळच आली नाही.

दुकानात बॅग नुसती हातात घेऊन पाहू नका. पिशवीतून काढायला लावा, झटकून दहा मिनिटं पसरून ठेवा आणि मग किती फुगली ते बघा. काउंटरवर घडी करून ठेवलेली बॅग काहीच सांगत नाही. आत शिरा, झोपा, चेन आतून एका हाताने वरखाली करा. चेनीच्या मागे भरावाची पट्टी हवी, नाहीतर तिथूनच रात्रभर वारा येतो. मानेभोवती आवळायची भरावाची गुंडाळी असेल तर फार चांगलं. पाय ताणल्यावर तळवे टोकाला दाबले जात असतील तर बॅग आखूड आहे, तिथला भराव दबेल आणि पायच आधी गारठतील. उलट फार मोठी बॅग घेतलीत तर आतली रिकामी जागाही तुमच्याच अंगाने तापवायची. आणि आपल्या वयात रात्री मध्येच अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, तेव्हा पायाकडूनही उघडणारी, दोन्ही बाजूंची चेन घ्या. घाम येऊ दिलात तर तासाभरात त्याच ओल्या कपड्यांत हुडहुडी भरेल.

झोपायच्या आधीच्या काही सवयी मी सगळ्यांना लावते. दिवसभराचे मोजे काढून झोपण्यापुरते ठेवलेले कोरडे मोजे घाला. गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू खा, शरीराला रात्री जाळायला काहीतरी लागतं. लघवीला जाऊन या, कंटाळा करून दाबून ठेवलीत तर झोप लागत नाही. चुलीवर पाणी तापवायची सोय असेल तर एकपदरी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. तोंड बॅगेत खुपसून श्वास घेऊ नका, ती वाफ थेट भरावात जाते. टोपीची दोरी ओढून नाक-तोंडापुरती जागा मोकळी ठेवा.

मार्चमध्ये अमरकंटकहून खाली उतरलात की रात्री झपाट्याने उबदार होतात. एप्रिलच्या सुरुवातीला ओंकारेश्वर येईपर्यंत बॅग म्हणजे नुसतं ओझं होतं. मी ती वाटेतल्या एका पोस्टातून पार्सल करून घरी पाठवली आणि उरलेली वाट शाल आणि साडीच्या लायनरवर काढली.

घरी आल्यावर, आणि आत्ता विकत घेतल्यापासून नोव्हेंबरपर्यंतही, बॅग तिच्या आवळपिशवीत ठेवू नका. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला भराव पुन्हा पूर्वीसारखा फुगत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाट, चामडं, पुस्तकं सगळ्याला बुरशी येते, बॅगलाही येते. रजईच्या सुती खोळीत सैल घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये ऊन पडेल त्या दिवशी खिडकीत तासभर पसरा. डांबराच्या गोळ्या घालू नका, तो वास परिक्रमा संपेपर्यंत जात नाही.

आता शेवटचं. तुम्ही हे जानेवारीतच विचारलंत ही मोठी सोय आहे. ऑक्टोबरात ठाण्यात घाम पुसत कुणालाही बॅग तपासता येत नाही. आत्ता येते. येत्या दोन-तीन आठवड्यांत, आभाळ स्वच्छ असेल अशा शनिवारी, चार जणी मिळून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत जा. वर गडावर, १४०० मीटरवर, आणखी गार असतं, पण पहिल्या खेपेला गावातलं अंगण बरं. नाहीच भागलं तर दोन पावलांवर घर असतं. दिवसा गड चढून या, म्हणजे दमलेलं शरीर घेऊन झोपाल. बॅग, मॅट, शाल, साडीचा लायनर, सगळं परिक्रमेत वापराल तसंच वापरा. एक साधं तापमापक मॅटशेजारी जमिनीवर ठेवा. सूर्योदयाच्या आसपासचा अर्धा तास सगळ्यात गार असतो, तेव्हा उठून आकडा वहीत लिहा आणि त्याच्यापुढे अंगाचा कुठला भाग गारठला तेही लिहा: कंबर, पाय, की नाक-कान. कंबर गारठली असेल तर मॅट वाढवायची, पाय गारठले तर मोजे आणि बॅगची लांबी बघायची, सगळं अंगच गारठलं असेल तर बॅग बदलायची. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की बॅग बसली नाही तर बदलून हवी. तो आकडा आणि ती नोंद इथे टाका, मी वाचेन आणि पुढचं सांगेन. नर्मदे हर.